ट्रूअक्सची पाळी

लेम्युएल ट्रूअक्सने हॅट टेबलावर आदळली, तशी पक्षाची सभा गप्प झाली.

"बारा वर्षं कळ काढली मी! आता सिनेटसाठी आमच्या जिल्ह्याची पाळी आहे."

"आहेच ना," अध्यक्ष थंडपणे म्हणाले. "टॅरंट जिल्ह्याचीच पाळी आहे. पण ट्रूअक्ससाहेब, तुम्ही आता टॅरंटचे राहिलात कुठे?"

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं.

राज्याच्या सिनेटमधली ही जागा चार जिल्ह्यांनी पाळीपाळीने वाटून घेतलेली, दर चार वर्षांनी एक. गेल्या वर्षी विधानसभेत भांडभांड भांडून टॅरंटचे दोन तुकडे करवले ते लेम्युएलनेच. कारण पूर्वेकडच्या लोकांना कोर्ट गाठायला दोन दिवस लागत. नकाशावर नवी हद्दही त्यानेच ओढली, नेमकी स्वतःच्या घरासमोरच्या रस्त्यावरून. घर गेलं नव्या जिल्ह्यात आणि नवा जिल्हा रांगेच्या शेवटी. म्हणजे आणखी सोळा वर्षं! आत्ताच अठ्ठावन्न सरली होती. आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतला, या विचाराने त्याला रडूच येईल इतका संताप आला.

घरी पोहोचेपर्यंत त्याचा निश्चय झाला. ते लाकडी घरच हलवायचं. ओंडक्यांवर चढवायचं, बैल जुंपायचे आणि रस्त्यापलीकडच्या आपल्याच शेतात, टॅरंटच्या हद्दीत नेऊन ठेवायचं. गावातलं चर्चसुद्धा असंच हलवलं होतं.

"आणि विहीर?" बायकोने, केझायाने विचारलं.

"विहीर गेली खड्ड्यात!"

"ती तिथंच आहे," ती म्हणाली आणि बटाटे सोलत राहिली.

बैलांच्या सहा जोड्या होत्या शेजारच्या असाहेल बिग्जकडे. तो नव्या जिल्ह्याच्या कोर्टासाठी तुळया तासत होता. लेम्युएलचं सगळं ऐकून त्याने कुऱ्हाड खाली ठेवली.

"न्या की बैल. तुम्हाला नाही म्हणेन होय मी? हे कोर्ट तुमच्यामुळेच तर उभं राहतंय. सोमवारी येतो घेऊन."

लेम्युएलला हायसं वाटलं. तो निघाला.

"फक्त एक सांगून ठेवा, साहेब," असाहेल म्हणाला. "दार कुठल्या अंगाला ठेवायचं? आमच्याकडे तोंड, का पाठ?"

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. लेम्युएल तिथल्या एका तुळईवर बसला. समोर कोर्टाच्या भिंती छातीएवढ्या वर आल्या होत्या.

"सोमवार राहू दे," त्या भिंतींकडे बघत तो म्हणाला.