आवडाबाईचं पुढचं दार

गावठी पिस्तुलाचा, कट्ट्याचा, फोटो काढ, म्हणतात लोक. एका मासिकवाल्यानं तर मला फोनवर शिकवलं, की हातात कट्टा धरलेला माणूस दिसला तरच भांडण दिसतं. मी म्हणलं, साहेब, कट्टा धरणाऱ्याला फोटोची हौसच असते, मला आवडाबाईचं दार काढायचंय. त्यानं फोन ठेवला. ठेवू दे. शहरात, उस्मानपुऱ्यात माझा स्टुडिओ आहे, लग्नाच्या अल्बमवर पोट चालतं, आणि बाकी फोटो कशाचा काढायचा ते मी, करुणा, स्वतः ठरवते.

आवडाबाईचं गाव खुलताबादच्या पुढं, डोंगराच्या अंगाला. तिच्या घराच्या एका बाजूला सर्जेराव, दुसऱ्या बाजूला रामकिसन. सख्खे चुलतभाऊ, पण शेताच्या बांधावरून एकमेकांच्या जिवावर उठलेले. मागच्या उन्हाळ्यात सर्जेरावानं रामकिसनवर गोळी झाडली. ती आवडाबाईच्या दारातून आरपार गेली आणि आतला माठ फुटला. पोलिसांनी कट्टा नेला, सर्जेराव जामिनावर परत आला, आणि आता दोन्ही घरांत एकेक कट्टा आहे हे अख्ख्या गावाला ठाऊक आहे.

आवडाबाई ना त्या भावकीतली, ना त्या भांडणातली. तरी तिनं पुढच्या दाराला आतून अडसर घातला आणि मागच्या गोठ्यातून ये-जा सुरू केली. ओट्यावर बाया जमवून गप्पा हाणणारी बाई ती! त्या दोघा भावांचा मला लई राग यायचा. वर्षभर मी तिथं जात होते. भिंतीच्या आडोशानं वाकून पाणी नेणाऱ्या बाया काढल्या, खिडकीपासून लांब निजवलेली लेकरं काढली. आवडाबाई दर खेपेला एकच म्हणायची, "पोरी, एकदा भ्या न वाटता माझ्या ओट्यावर बसायचंय."

मग भागूबाई वारली, दोघा भावांची थोरली चुलती. भांडण काहीही असो, भावकीला सुतक एकच. दहाव्याला नदीवर दोघांनी एकाच न्हाव्यापुढं डोकं दिलं. गावाला धास्ती होती, पण उघड्या अंगावर कट्टा लपवायला जागा नसते. पिंडाला कावळा शिवेना. सगळे पुरुष डोकी तासलेली, पाठमोरे, ताटकळत बसले. मी मागून फोटो काढला.

माझी रीत अशी, की शहरात प्रदर्शनात लावायच्या आधी फोटो ज्याचा त्याला दाखवायचा. दोन्हीकडची माणसं येतील अशी गावात एकच जागा होती, आवडाबाईचं बंद दार. तिला विचारून गोळीच्या भोकाखाली मोठी प्रिंट लावली.

गर्दी जमली. सर्जेराव बायकोला घेऊन आला आणि छाती फुगवून एका पाठीवर बोट ठेवलं. "हा मी. पैलवानाची पाठ लपत नाय."

बायकोनं पदर तोंडाला लावला. "ते रामकिसनभावजी हायेत. तुम्ही शेजारचे."

कुणीतरी हसलं. रामकिसन आपल्या ओट्यावरून तरातरा आला, फोटोला नाक लावून उभा राहिला, आणि त्यालाही ठरवता येईना. त्यानं मला विचारलं. मला पक्कं माहीत होतं. सांगितलं नाय. मी का सांगू? बघा म्हणलं, तुमचंच अंग आहे.

दोघं खांद्याला खांदा लावून बघत राहिले. तेवढ्यात आतून अडसर काढल्याचा आवाज आला. दार फोटोसकट आत सरकलं, आणि दोघांच्या पुढ्यात आवडाबाई उभी.

"सोताचं अंग ओळखू येईना तुम्हाला," ती म्हणाली. "आता गोळी घालायची तर आधी कोण कुठला ते ठरवा. तवर मी हितंच बसते."

आणि बसली. दोघांच्या मधोमध, ओट्यावर, पाय पसरून. मग मागं वळून सुनेला म्हणाली, नवा माठ बाहेर आण, लोक उन्हात उभे हायेत.