अठरा विती

"तेरा फूट सहा इंच भरून राह्यली ही!" गुलाबरावांनी टेपचं टोक सोडलं. "माह्या बाबाची गाडी बरोबर बारा फुटांची होती. कागद हाये माह्यापाशी. हे दीड फूट कुठून आनलं बे तू?"

शेषराव गाडीखाली स्प्रिंगच्या पाट्यांना ग्रीस भरत होता. तिथूनच म्हणाला, "मोजूनच केली होती, भाऊ."

"कायनं मोजली? पायानं?"

खरं तर तो हातानं मोजली म्हणणार होता, पण त्याने ग्रीसचं काम चालू ठेवलं. कापसाच्या जिनिंगच्या मालकापुढे जास्त बोलू नये, हे मालेगावात कोणालाही सांगावं लागत नसे. शिवाय शेड ज्या जागेवर उभं होतं, ती जागा गुलाबरावांची. वाशीम रोडला, मोक्याची. अकरा वर्षं शेषरावने तिथे मोटारी आणि ऑइल इंजिनं दुरुस्त केली होती.

गाडी मात्र त्याची स्वतःची होती. अहो, काय गाडी! लालभडक, उघडी, लांब नाकाची, दोन माणसांची विलायती रेसगाडी. गुलाबरावांचे वडील, म्हणजे थोरले रावसाहेब, चाळीस सालच्या सुमारास तशीच एक गाडी उडवत फिरायचे. ती कधीचीच भंगारात गेली. ही तिची नक्कल. जऊळक्याच्या पुलाखाली पडलेल्या हेरल्ड गाडीचा सांगाडा आणि इंजिन घेऊन, ऑइलच्या पिंपांचे पत्रे चिंचेच्या ओंडक्यावर ठोकून ठोकून, शेषरावने ती चार वर्षांत उभी केली होती. अकोल्याला आरटीओकडे नेऊन रीतसर पास करून आणली, तेव्हा तिथला साहेबसुद्धा दोनदा बाहेर येऊन बघून गेला होता.

पण शेषराव नुसती नक्कल करून थांबणारा माणूस नव्हता. अस्सल विलायती गाडी आपल्याकडच्या खडीवर दोन दिवस टिकली नसती. म्हणून त्याने पाट्यांत जीपचं एकेक पान वाढवलं आणि गाडी वीतभर उचलली. धुळीसाठी ट्रॅक्टरचा तेलातला फिल्टर बसवला. ट्रकचा हॉर्न लावला. ताडपत्रीचं टप शिंप्याकडून शिवून घेतलं. आणि मागे, जिथे मूळ गाडीला काहीच नव्हतं, तिथे एक शीट बसवली. बाजेइतकी उंच, कारण त्याच्या मायचे गुडघे वाकत नव्हते. चढायला पायरी, धरायला दांडी.

गुलाबराव त्या दांडीवर बोट वाजवत म्हणाले, "हे पाय शेषराव. दसऱ्याले आपल्या जिनाले पन्नास वर्सं होऊन राह्यली. फाटकात ही गाडी उभी कराची, तिच्यावर बाबाचा फोटो. तू ही मांगची शीट कापून टाक, दीड फूट कमी कर, उंची उतरव, तो हारन काढ. एकदम असली कर. अन् गाडी मले दे. मी ही जागा तुह्या नावानं करून देतो."

"अन् नाई जमलं त?"

"मंग दसऱ्यापर्यंत शेड उचल. मले इथं पेट्रोल पंप टाकाचा हाये."

एवढं बोलून ते निघाले. शेषराव गाडीखालून बाहेर आला आणि किती तरी वेळ हातांवरचं ग्रीस पुसत बसला. स्वतःच्या नावाची जागा! त्याच्या सात पिढ्यांत कोणाच्या नावावर हातभर जमीन झाली नव्हती. मुलं शाळेत जात होती, गिऱ्हाइकं इथेच येत होती. गाडी काय, पुन्हा करता आली असती.

दुपारी माय भाकर घेऊन आली. भागिरथाबाई सत्तरीच्या. डोक्यावर फडकं, एका हातात डबा आणि दुसऱ्या हातात स्वतःच्याच चपला. शेडाच्या दारात येऊन तिने त्या खाली टाकल्या आणि पायांत घातल्या.

शेषरावचं टाळकं सरकलं. "माय! पुन्हा काढल्या?"

"ध्यानातच राहत नाई बाप्पा. फाटक आलं का हात खालीच जाते."

जिनाच्या फाटकापुढून शेषरावच्या वस्तीतल्या माणसाने चपला हातात घेऊन जायचं, हा रावसाहेबांच्या काळचा रिवाज. लिहिलेला कुठेच नव्हता, पण सगळ्यांना पाठ होता. शेषरावच्या बापाने, जानरावने, बारा वर्षं रावसाहेबांची गाडी धुतली ती अनवाणी. त्या गाडीत एकदाही बसला नाही. छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला आणि दुसऱ्याच दिवशी चपला घालून, करकर वाजवत फाटकापुढून गेला. रावसाहेब ओट्यावरून बघत राहिले. जानरावचं काम सुटलं ते सुटलं. माय तेव्हा त्याच्या मागे होती, आणि तिने चपला हातात घेतल्या होत्या. अठरा वर्षं झाली, तो मरूनही नऊ झाली, पण तिचा हात काही ऐकत नव्हता.

शेषरावने तिला गुलाबरावांचं बोलणं सांगितलं. ती भाकरीचा तुकडा मोडत शांतपणे म्हणाली, "काप ना मंग. मले कुठं जाचं हाये आता? गुडघे गेले माहे. लेकरायले जागा होते ते पाय."

"तुह्यासाठी बसवली व ती."

"बसली ना मी. चार खेपा जऊळक्याच्या टेसनापर्यंत गेली. लय झालं."

तिने इतक्या सहज सांगितलं, की शेषरावला तिचाच राग आला. त्याने तिरीमिरीत करवत खाली काढली. कुठून कापायचं ते तर ठरवायला हवं. तो नाकापासून वितीने मोजू लागला. शेवटच्या दुखण्यात बाप डोळे मिटून पडलेला असे आणि त्याचा हात वाकळीवर ती गाडी धुवत असे. त्याच हाताने त्याने लेकाला माप सांगितलं होतं. टोपण, म्हणजे इंजिनावरचं झाकण, सात विती, मधात चार, मांगं सात. एकूण अठरा. आत काय होतं ते त्याला सांगता आलं नाही, कारण आत तो कधी गेलाच नव्हता.

शेषरावने मोजलं. बरोबर अठरा. पुन्हा मोजलं. अठराच.

"मंग बा चुकला म्हना ना. बारा वर्सं हात फिरवला अन् माप चुकलं त्याचं!"

मायने घास खाली ठेवला. "तो नाई चुकला. त्याची वीत अशी होती का रे?"

ती उठली, त्याचा हात धरला आणि करंगळी आत मुडपली. "त्याची करंगळी जिनात गेली होती ना. मशीनवरचं काम जमेना, तवाच त त्याले गाडी धुवाले लावलं."

शेषराव त्या हाताकडे बघतच राहिला. बापाचा तो हात त्याने जन्मभर पाहिला होता, आणि मोजताना मात्र साफ विसरला होता. स्वतःच्या पाच बोटांनी त्याने चार बोटांची गाडी मोजली होती. आता अंगठ्यापासून अनामिकेपर्यंतची वीत धरून तो पुन्हा नाकाशी गेला. सात. अकरा. अठरा. हात थांबला तो नेमका मायच्या शिटेपाशी. पुढचं सगळं शीटच होतं. एकेका वितीला जे इंचभर बोट जिनाने खाल्लं, त्याचं अठरा वेळा जमून दीड फूट झालं होतं. त्या दीड फुटात त्याची माय बसत होती.

त्याला रडू आलं नाही. त्याने करवत पुन्हा खिळ्याला अडकवली.

"काय करून राह्यला?" माय म्हणाली.

"काई नाई. तू जेव."

दुसऱ्या दिवशी गुलाबराव आले ते जुना फोटो घेऊनच. "हे पाय, अशी पायजे. कापली का?"

"चूक सापडली, भाऊ."

"सापडली ना? मंग?"

"गाडी बराबर हाये. माह्या बाच्या हाताचं माप होतं, अन् त्याची करंगळी तुमच्या जिनात होती. हे दीड फूट तिथलं हाये. ते मी कापत नाई."

गुलाबरावांचा चेहरा पडला. माणूस काही राक्षस नव्हता. "अरे, मी शाळेत होतो तवा. माह्यावर कायले काढून राह्यला?"

"तुमच्यावर काहून काढू? तुमी म्हनता असली कर. असली गाडीत आमाले जागाच नव्हती, भाऊ. माहा बा बारा वर्सं बाहेरून धुवत होता. मी जागा केली. आता मीच ती कापू?"

"जागा तुह्या नावानं होऊन राह्यली होती, येड्या!"

"होऊन राह्यली होती," शेषराव म्हणाला. "शेड उचलतो."

दुकान जऊळक्याच्या स्टेशनाजवळ नेतो म्हणताच घरी बायकोने, पंचफुलाने, आधी कपाळावर हात मारला. "पोरायचं काय? गिऱ्हाइक टेसनावर येईन का तुमच्या मांगं?" सकाळी मात्र पदर खोचून तीच आधी शेडावर चढली आणि पत्र्यांचे खिळे उपटायला लागली. जऊळक्याला स्टेशनाजवळ, लिंबाखाली, ग्रामपंचायतीकडून भाड्याची एक चिंचोळी जागा मिळाली होती. अकरा वर्षांचं दुकान दोन बैलगाड्यांत मावलं. पंचफुला आणि मुलं त्या गाड्यांबरोबर पुढे गेली. मागे राहिला तेलाने काळा झालेला चौकोन आणि ऐरणीचा खड्डा. शेषरावने तिकडे एकदाच पाहिलं.

निघायचा तो दिवस दसऱ्याचाच होता. त्यांच्या घरी दीक्षेचा. वंदना करून, पांढरं लुगडं नेसून माय पायरीवरून चढली आणि आपल्या शिटेवर बसली. पुढच्या शिटेवर पाने, हातोडे, जॅक. जऊळक्याची वाट जिनापुढूनच होती.

फाटकाला आंब्याच्या पानांचं तोरण होतं. सनई वाजत होती. गुलाबराव फेटा बांधून पाहुण्यांत उभे होते आणि जिथे लाल गाडी उभी राहायची, तिथे रावसाहेबांचा फोटो एका खुर्चीवर ठेवला होता. शेषरावने ट्रकचा हॉर्न दणकून वाजवला. सनई थांबली. सगळी तोंडं वळली.

त्याने आरशात पाहिलं. मायचा हात खाली चालला होता. गुडघे वाकत नव्हते, तरी ती कष्टाने झुकत होती, आणि बोटं चपलेच्या अंगठ्यापर्यंत पोचली होती. शेषरावला ओरडावंसं वाटलं, पण त्याने ओठ घट्ट मिटले. हे त्याने करायचं काम नव्हतं.

बोटं तिथेच थांबली. मग हात वर आला आणि त्याने दांडी धरली.

"शेषा," माय मागून म्हणाली, "हळू घे ना बाप्पा. कायची घाई हाये?"

त्याने पहिला गिअर टाकला. जिनाचं फाटक लांबलचक होतं. ते संपेपर्यंत त्याने गिअर बदलला नाही.