मागच्या सीटवरचं पोतं

गॅरेजमध्ये विमान वाढायला लागलं तेव्हापासून मागची सीट तिची होती. नवऱ्याने तसा शब्दच दिला होता. त्या भरवशावर ती कॉलेजात फिजिक्सचे तास उरकून येई आणि पंखांवर कापड ताणून चिकटवत बसे.

चाकांच्या वर बसवायचे, उतरतानाचा धक्का झेलणारे स्ट्रट निवडायची वेळ आली तेव्हा दोघांचं बिनसलं. तिला तेलाचे हवे होते. तेल धक्का गिळून टाकतं, रबर त्यातला बराचसा परत करतं, असं तिने समजावून पाहिलं. त्याला रबरी चकत्यांचेच हवे होते. हलके, आणि गळायची भीती नाही. तू शिकव, उडवणार मी आहे, असं म्हणून त्याने परस्पर मागवूनही टाकले. तिने ताणून धरलं नाही. वजन बघून चकत्या घेतल्या तर रबरही चालतं.

चाचणीच्या दिवशी दीर मदतीला आला. सांगाडा साखळीने वीतभर उचलायचा, माणसांच्या जागी वाळूची पोती ठेवायची आणि सोडून द्यायचा. पोती तिनेच शिवली होती, एक नवऱ्याच्या वजनाचं, एक स्वतःच्या.

"वहिनी, अगदी खरं वजन भरलंत वाटतं," दिराने पोतं उचलताना कण्हून दाखवलं. तीही हसली.

सांगाडा सुटला. चकत्या पार चेपल्या आणि लोखंडावर लोखंड आदळलं.

तिने वाकून पाहिलं. चकत्या फारच मऊ होत्या. "अहो, मागवताना वजन किती सांगितलंत?"

तो पुन्हा साखळी ओढायला लागला होता. "मागचं पोतं काढ. तिथे जास्तीची टाकी बसवतोय."

"कधी ठरलं हे?"

दीर खाली बघत बुटाने वाळू सारत होता. म्हणजे त्यालाही ठाऊक होतं.

"लांब जायचं तर पेट्रोल नको का? तुला तरी कुठे जायचंय?" नवरा म्हणाला. "आणि उतरताना टाकी रिकामीच असणार."

दीर पुढे झाला, पण तिने स्वतःच पोतं काढून जमिनीवर ठेवलं. या खेपेला लोखंड आदळलं नाही, सांगाडा थोडासा उसळून नीट टेकला. नवरा खूश झाला. बघ, उगाच वाद घालत होतीस, म्हणाला.

बोलावं की नाही, असा विचार तिच्या मनात क्षणभर आला. तिचं तिलाच भय वाटलं.

"उडाल्या उडाल्या परत उतरावं लागलं तर?" ती म्हणाली. "टाकी भरलेली असेल."

त्याचा चेहरा उतरला. पण तो अडला मात्र नाही. "खरंच की. मग कडक चकत्या मागवतो. त्यात काय एवढं?" त्याने हात पुसले. "भरलेल्या टाकीचं वजन किती होईल गं?"

तिने मनात हिशेब केला. मग जमिनीवरचं पोतं उचललं आणि परत मागच्या सीटवर ठेवलं.

"एवढंच," ती म्हणाली.