पाचवा कॅप्टन पर्डी

डोशा पर्डीचा बाप मेल्यानंतर चारदा परत आला होता. एकदा टेक्सासहून, एकदा तुरुंगातून, एकदा औषधं विकत. चौथा तर डोशाहून लहान निघाला.

अमेरिकेतल्या मिझुरीतली उत्तर-दक्षिण यादवी कधीच संपली होती, पण दक्षिणेकडून लढलेल्या टोळीचा म्होरक्या कॅप्टन एन्सेल पर्डी मेला हे मानायला कोणी तयार नव्हतं. उत्तरेच्या शिपायांनी त्याचं प्रेत चौकात बाकावर बसवलं होतं खरं. पण गोळी तोंडावर लागलेली, ओळखणार कोण? जुन्या सोबत्यांना तो मिरवायला जिवंत हवा होता. ज्यांची घरं त्याने जाळली, त्यांना फाशी द्यायला.

"तो गेलाय. मी पाहिलंय," एवढंच डोशाची आई ऑर्फा म्हणायची. कशावरून, ते कोणाला सांगितलं नाही. गेल्या हिवाळ्यात तीही गेली आणि चौकातल्या त्या प्रेताच्या कबरीशेजारी निजली. आज दोघांच्या नावाचा एकच दगड बसवायचा होता. आई कायमची परक्या माणसाशेजारी तर निजली नाही ना, एवढाच डोशाचा प्रश्न होता.

नेमका आजच पाचवा आला.

मे महिना होता. दरवर्षीसारखं चर्चच्या आवारातल्या कबरींवरचं गवत काढून गाव तिथेच जेवायला बसलं होतं. हायरमकाका, कॅप्टनच्या टोळीतला, धापा टाकत आला.

"पोरी, या खेपेला खरा आहे गं! घोडीचं नाव सांगितलं!"

"काका, घोडीचं नाव तुम्हीच दरवर्षी सगळ्यांना सांगता."

"मांडीवरचा व्रण दाखवला!"

"चर्चच्या आवारात?"

मागून एक उंच, देखणा म्हातारा आला. डोळे कॅप्टनसारखेच निळे. डोशाच्या हातातला सुरा सफरचंदाच्या पाईवर थबकला. खरंच असला तर?

"आईची काही आठवण सांगा," ती हळूच म्हणाली.

"माझ्या शर्टावरचे गुलाब!" म्हातारा डोळे पुसत म्हणाला. "माझी ऑर्फा दिव्यापाशी बसायची, बोटं टोचून घ्यायची..."

हायरमकाकांनी नाक शिंकरलं. टोळीतल्या प्रत्येकाच्या शर्टावर बायकोने नाहीतर आईने भरलेली फुलं असायची.

डोशाला एकदम हसू फुटलं.

आईला साधं बटणही लावता येत नसे. गुलाब बापाने स्वतः भरले होते, स्वयंपाकघराला आतून कडी लावून. "गावं पेटवताना लाजला नाही मेला," आई शेवटच्या आजारपणात म्हणाली होती, "पण सुई लपवायचा! कोणाला सांगणार नाही म्हणून शपथ घातली मला." तो शेवटचा निघाला त्या सकाळी एक पाकळी अर्धीच राहिली होती, हेही ती बोलली होती. आत्ता डोशाला उमगलं: चौकातल्या बाकावर ऑर्फाने तोंड पाहिलंच नव्हतं. तिने पाकळी पाहिली होती.

"काय गं, हाच ना?" हायरमकाकांनी विचारलं.

"नाही."

"कशावरून?"

सगळे माना वळवून बघत होते. एका वाक्यात सगळा वाद मिटला असता.

"आईने पाहिलं होतं, काका."

"ते तर ती नेहमीच म्हणायची!"

"हो ना," डोशा म्हणाली. तिने पाईचा मोठा तुकडा कापून म्हाताऱ्यापुढे ठेवला. "बसा, जेवून जा. लांबून आलात."

मग एप्रनला हात पुसत ती दगडवाल्याकडे गेली. "बसवा," म्हणाली, "दोघांच्या मधोमध."