वरच्या वावराची नागली

माझी बायको कुसाबाई मागच्या पावसाळ्यात गेली. जायच्या आधी तिने नागलीची, म्हणजे नाचणीची, एक पुरचुंडी माझ्या हातात दिली. म्हणाली, "माझ्या माहेरच्या वरच्या वावराचं बियाणं हाय. तिथंच नेऊन टाका." माहेरचं बियाणं माहेरी परत करायचं, अशी तिच्या घरची रीत.

तिचं माहेर त्र्यंबकेश्वरच्या पलीकडं, डोंगरावर. भावांनी जमीन कधीच विकली. आता तिथं 'वारसा शेत' झालंय. जुनं घर, दगडी बांध, आणि ते बघायला नाशिकहून चढत येणारी माणसं.

मे संपताना मुलगा रविराज म्हणाला, "नाना, त्या वारसा शेतावर ट्रेकला जाऊ. तुमचं मन रमेल."

मी लगेच हो म्हणालो. त्याला वाटलं, मन रमायला लागलं. पुरचुंडी सुनेच्या, वेदिकाच्या, बॅगेत ठेवली. कशाची ते बोललो नाही. बोललो असतो तर दोघं वाटेतच डोळे पुसत बसले असते.

डोंगर चढायला दोघांनी दोन-दोन काठ्या घेतल्या होत्या. कुसाबाई याच वाटेने डोक्यावर हंडा घेऊन चढायची. तिला एकही काठी कोणी दिली नाही.

वर सनी नावाचा गाईड भेटला. शर्टावर 'वारसा' छापलेलं.

"हे जातं. पूर्वीच्या स्त्रिया पहाटे उठून आनंदाने दळायच्या."

"आनंदाने? कोण म्हणालं?"

"काका, आम्हाला तसंच शिकवलंय."

मी दम खायला ओट्यावर टेकलो. थोड्या वेळाने जात्याची घरघर ऐकू आली आणि लगेच थांबली.

"नाना, जातं अडकलं बघा!" वेदिका हाक मारत होती. समोर मोबाइल उभा करून ठेवलेला. बाजूला रिकामं फडकं.

जात्यात मूठ-मूठ घालतात. हिने सगळी पुरचुंडी एकदम ओतली होती.

"अगं, ते बियाणं होतं. तुझ्या सासूचं."

वेदिकाने मोबाइल आडवा पाडला. रविराजने जात्याची वरची तळी उचलली. निम्मी नागली अख्खी होती, पिठात मिसळलेली.

मी भिंतीवरचं सूप काढलं.

"काका, ते फक्त बघायला आहे," सनी म्हणाला.

"मग बघ."

मी पाखडायला गेलो, तर दाणेच खाली पडायला लागले. रविराजने सूप माझ्या हातातून घेतलं. "द्या नाना. आईचं बघितलंय मी." आणि त्याने खरंच पाखडलं, तिच्यासारखंच, मनगटाला झटका देत. पीठ उडून सनीच्या 'वारसा'वर बसलं. वेदिका खाली बसून सांडलेले दाणे टिपत होती.

ओंजळभर बियाणं घेऊन आम्ही वरच्या वावरात गेलो. तिथं हिरवळ लावलेली. मधोमध फोटो काढायला बैलगाडी, बैल नसलेली. पाटी होती: 'गवतावर चालू नये.'

आम्ही तिघं चाललो. बांधाच्या कडेकडेने माती उकरली आणि नागली टाकत गेलो.

"काका, तिथं काय टाकताय?" सनी खालून ओरडला.

"तुझं गवत दाट करतोय," मी म्हणालो.

नागली कोवळी असताना गवतासारखीच दिसते. कणीस येईपर्यंत ह्यांच्यातल्या कोणाला कळायचं नाही.