नववा पान्हा

म्हातारपणी मेलबर्नला जाऊन चिखल धुवायचा आहे, असं विश्रामना कोणी सांगितलं असतं तर त्यांनी त्याला वेड्यात काढलं असतं. पण नाशिकजवळच्या कारखान्यात तेहतीस वर्षं विमानं दुरुस्त केलेला माणूस तो. मेलबर्नच्या पॉइंट कुक उपनगरात लेकीच्या घरी बसून जेरीला आला. मग जवळच्याच एका छोट्या खासगी विमान संग्रहालयात तो आठवड्यातले तीन दिवस फुकट राबू लागला.

"बाबा, रिटायर होऊनही शिफ्ट लावून घेतलीत," चारुता गाडीतून सोडताना चिडवायची. "आज अर्ली आर्वोला, दुपारीच, पिकअप करते, रेडी राहा."

नव्या घरांसाठी खोदकाम चाललं होतं, तेव्हा तिथल्या दलदलीतून १९३५ सालचं एक लढाऊ विमान निघालं होतं. एकावर एक असे दोन पंख, आणि एकाच माणसाची जागा. ना युद्ध होतं, ना शत्रू. दोन विमानांच्या लुटुपुटूच्या लढाईचा सराव चालला होता. त्यात हे सूर मारून खाली आलं ते पुन्हा वर उठलंच नाही. तेव्हा वैमानिकाचं प्रेत काढून नेलं आणि बाकीचं गाळात सोडून दिलं. चौकशीत ठपका आला तो वैमानिकावर. चौकशीच्या अहवालातलंच वाक्य घालून संग्रहालयाचा फलक तयार होता: 'वैमानिकाच्या फाजील धाडसामुळे अपघात.' शुक्रवारी तो छापायला जायचा होता.

आणि मंगळवारी विश्रामना पान्हा सापडला. वैमानिकाच्या हातातल्या, विमान वर-खाली वळवणाऱ्या दांडीच्या मुळाशी, सांध्यात घट्ट रुतलेला. पान्ह्याच्या तोंडाच्या मापाची खोक शेजारच्या सळईवर पडली होती. बिचाऱ्या वैमानिकाने दांडी जिवाच्या आकांताने ओढली असणार, आणि ती हललीच नसणार. पान्ह्यावर कानशीने घासलेल्या तीन खाचा होत्या. आपली अवजारं ओळखू यावीत म्हणून कामगार अशी खूण करतात.

विश्राम तिथेच स्टूलवर बसले. काम संपलं की अवजारं मोजायची, आणि एक जरी कमी भरलं तरी विमान जागचं हलू द्यायचं नाही, हा या धंद्यातला धर्म. एकदा त्यांचाच एक पान्हा कमी भरला होता. त्यांनी तोंड उघडलं, विमान थांबलं, सगळ्या हँगरने चार तास शोधलं आणि तो निघाला त्यांच्याच पँटच्या मागच्या खिशात. पुढे वर्षभर लोक त्यांना 'खिसेकापू' म्हणत. शरमेने मेल्यासारखं झालं होतं. पण मेलं कोणी नव्हतं.

बुधवारी एडना आली. वैमानिकाची मुलगी. बाप गेला तेव्हा सहा महिन्यांची होती, आता नव्वदीची. हातात कॅनव्हासची एक गुंडाळी होती.

"माझ्या सावत्र वडिलांची अवजारं," ती म्हणाली. "क्लॅरी. इथेच विमानांवर काम करायचा. बाबा गेल्यावर दोन वर्षांनी त्याने आईशी लग्न केलं. मला शाळेत सोडायचा, माझ्या वेण्या घालायचा. बाप म्हणून मला तोच माहीत आहे. संग्रहालयाला ही देऊन टाकते."

तिने गुंडाळी टेबलावर उलगडली. नऊ कप्पे, आठ पान्हे. प्रत्येकावर तीन खाचा.

"रोज संध्याकाळी मोजायचा," एडना हसून म्हणाली. "आठच भरायचे, तरी मोजायचा. नववा घेऊन टाक ना, म्हटलं तर उठून बाहेर जायचा."

विश्रामनी खिशात ठेवलेला कालचा पान्हा चाचपला. तो एकदम जड झाला. म्हणजे क्लॅरीला माहीत होतं. अपघाताच्या त्याच संध्याकाळी माहीत होतं. गप्प बसावं का? दोघेही मेलेले. या पोरीला, हो, पोरीलाच, एवढा एक बाप मिळालेला. तोही आपण काढून घ्यायचा?

एडनाची नजर फलकाच्या कागदावर गेली. "आई हेच म्हणायची," ती हळूच म्हणाली. "बायकोपोरापेक्षा त्याला मिरवणं प्यारं होतं म्हणून."

झालं. आता गप्प बसणं म्हणजे क्लॅरीच्या पंगतीला बसणं. विश्रामनी पान्हा काढून तिच्यापुढे ठेवला आणि कुठे सापडला, दांडी कशी अडकली, ते जमेल तेवढ्या सोप्या इंग्रजीत सांगितलं.

एडनाने पान्हा उचलला आणि रिकाम्या कप्प्यात घातला. बरोबर बसला. पेन मागून घेऊन तिने फलकावरच्या 'वैमानिकाच्या फाजील धाडसामुळे' या शब्दांवर काट मारली. रेघ वाकडी आली.

"आई मरेपर्यंत बाबांना शिव्या घालायची," ती म्हणाली. "रोज, जेवणाच्या टेबलावर."

"आणि क्लॅरी?" विश्रामच्या तोंडून निघून गेलं.

"समोर बसून मान खाली घालून जेवायचा," एडना म्हणाली. "मला वाटायचं, केवढा सोशिक माणूस."