पटावर नसलेली मुलगी

मी एक जुनं टेबल आहे. मित्रांनो, उभं राहून राहून आता माझा जीव मेटाकुटीला आला आहे. पण टेबलाला बसायची सोय नसते, म्हणून उभाच आहे. विद्यापीठाच्या भूगोल विभागात, जिन्याशेजारच्या लांबट खोलीत माझा मुक्काम.

माझ्यावर मोठाले नकाशे पसरायचे आहेत, असं सुताराला सांगितलं होतं. त्याने माझी पाठ इतकी ऐसपैस केली की मी दारातून आत शिरेना. शेवटी पाय काढून, आडवं करून मला आत घेतलं. तेव्हापासून मी या खोलीबाहेर पडलेलो नाही.

इथे नकाशाशास्त्राचा ऑनर्स चालायचा. म्हणजे पदवीच्या नेहमीच्या विषयांबरोबर आवडीच्या एका विषयाचा जादा, खोल अभ्यास. कुठल्याच नकाशात नाही अशी एखादी गोष्ट प्रत्येकाने पायी फिरून शोधायची, तिचा नकाशा काढायचा आणि शेवटी माझ्याच भोवती दोन परीक्षकांसमोर तोंडी परीक्षा द्यायची. कंपासची टोकं टोचून टोचून माझ्या पाठीची चाळण झाली, पण ते दिवस चांगले होते. पाहुणे मला थोपटून म्हणत, "असं लाकूड आता मिळत नाही." आणि त्याच लाकडावर गरम चहाचा कप टेकवत.

वर्षातून एकदा, दुपारी, माझ्याभोवती अभ्यास मंडळाची बैठक भरायची. अभ्यासक्रम ठरवणारी ही मोठी माणसं. दर काही वर्षांनी जुना अभ्यासक्रम जायचा आणि नवा यायचा. मला काही फरक कळायचा नाही. कागदांच्या गठ्ठ्याचं वजन तेवढंच असायचं.

अशाच एका बैठकीत घोळ झाला. एका पानावर लिहिलं होतं, की ऑनर्सला प्रवेश हवा तर आधी 'क्षेत्र-अभ्यास' हा विषय उत्तीर्ण हवा. दुसऱ्या पानावर होतं, की क्षेत्र-अभ्यास फक्त ऑनर्सच्या विद्यार्थ्यांसाठी. दोन पानं दोघांनी लिहिलेली, आणि दोन्ही एकत्र वाचायची तसदी कोणी घेतली नाही. उकडत होतं, सगळ्यांना घरी जायचं होतं. अध्यक्षांनी विचारलं, "मंजूर?" सगळे म्हणाले, "मंजूर." सह्या माझ्यावरच झाल्या. मी काय बोलणार?

प्रवेश सुरू झाले आणि एक मुलगी तणतणत खोलीत आली. तिला सतत गल्लीबोळ पालथे घालायची खोड, म्हणून शिकवणाऱ्या मॅडम तिला लाडाने 'भटकी' म्हणत.

"मॅडम, ऑफिसात म्हणतात, आधी क्षेत्र-अभ्यास करून ये. तो घ्यायला गेले तर म्हणतात, आधी ऑनर्सला प्रवेश घे. मी आधी नक्की काय करू?"

मॅडमनी कपाळाला हात लावला. अर्ज केले, खेटे घातले. अध्यक्ष म्हणाले, "चूक आहे खरी. पण दुरुस्ती बैठकीतच होणार, आणि बैठक आता पुढच्या वर्षी."

मॅडमचं निवृत्तीआधीचं ते शेवटचं वर्ष. वर्ग रिकामा राहिला तर ऑनर्स बंद पडणार हे त्यांना दिसत होतं. त्या मुलीला म्हणाल्या, "तू बस गं. प्रवेशाचं राहू दे."

ती वर्षभर बसली. रोज सकाळी नेहमीच्या तासांआधी यायची, चपला चिखलाने भरलेल्या. शहराखाली बुजवलेला एक ओढा ती शोधत होती. घरी आई चिडायची. "मार्क मिळणार नाहीत, तर जातेस कशाला मरायला?" हिने म्हणे उलट विचारलं, "तू पोळ्या लाटताना गातेस, त्याचे कोण मार्क देतं?" हे ऐकून मॅडम किती तरी वेळ हसत होत्या. माझ्या खोलीत फार दिवसांनी कोणी हसलं होतं.

वर्ष सरलं आणि मंडळ आलं. मुलगी नकाशावर शेवटची रेघ ओढत होती.

"बाळ, जरा उठतेस का? आमची बैठक आहे," अध्यक्ष म्हणाले.

"कशाची, सर?"

"हा ऑनर्स बंद करायचाय. विद्यार्थीच मिळत नाहीत."

"मग सर, मी वर्षभर इथं काय करतेय?"

मॅडमनी ती दोन पानं शेजारी शेजारी ठेवली. ज्याच्या पायी वर्ष वाया गेलं, ते वाक्य चहा यायच्या आत खोडून झालं. ऑनर्स वाचला. दुरुस्ती मात्र पुढच्या वर्षापासून.

"आणि हिचं?" मॅडमनी विचारलं.

"मागच्या तारखेने प्रवेश देता येत नाही, मॅडम." अध्यक्षांची मान खाली होती.

सगळे उठले. मुलगी नकाशा गुंडाळू लागली. मला फार वाईट वाटलं.

"भटके, राहू दे तो," मॅडम म्हणाल्या. "बस. तुझी तोंडी परीक्षा घेते."

अध्यक्ष दारापर्यंत पोचले होते. ते थांबले. "परीक्षक दोन लागतात ना?" म्हणत परत आले आणि खुर्ची ओढून बसले.

त्यांनी उलटसुलट प्रश्न विचारले, काही सूट दिली नाही. मग एका वळणावर बोट ठेवलं. "ओढा इथे वळतो, हे कशावरून?"

"या गल्लीत फक्त डाव्या बाजूच्या घरांच्या भिंतींना ओल येते, सर. मी प्रत्येक घरी विचारलं."

अध्यक्ष नकाशावर वाकले. "यातलं तिसरं घर माझं आहे. दर वर्षी भिंत रंगवतो मी."

"रंगवू नका, सर. खाली पाणी आहे."

"पास," ते म्हणाले. हा निकाल कुठेच लिहिला गेला नाही.

आता मॅडम निवृत्त झाल्या, मुलगी नोकरीला लागली. ऑनर्सला नवी मुलं येतात आणि बैठकाही होतात. मित्रांनो, मी थकलो आहे. माझी धूळ पुसलीत तर बरं, नाही पुसलीत तरी चालेल. पण उद्या मोठे होऊन माझ्यासारख्या टेबलावर सही कराल, तेव्हा आधी दोन्ही पानं वाचा आणि समोरच्या खुर्चीकडे एकदा बघा. पटावर कोणी नव्हतं तेव्हाही ती मुलगी तिथेच बसलेली होती.